दारात बोर, घरात कलह

अल मजाज, शारजा
८ फेब्रुवारी २००९

ती. गं. भा. सत्यभामाअक्कास,
केरूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलता येत नाही, म्हणून आपलं पत्रांचं बरं चाललं आहे. आजची गोष्ट तर फोनवर सांगण्यासारखी नाहीच. सूनबाई मृणालिनी स्वयंपाकघरात असते आणि तिचे कान तुझ्यासारखे नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही दुबईची जागा सोडून शारजात आलो. राजन म्हणाला, बाबा, जगात मंदी आली म्हणून भाडी उतरली, आपला फायदाच आहे. इथे सध्या सगळ्यांचा फायदा चालला आहे. जुने शेजारी इतके फायद्यात आले की मुलांना भर वर्षात शाळेतून काढून कायमचे लुधियान्याला गेले. राजनच्या गाडीचाही फायदा झाला असावा. ती सर्व्हिसिंगला गेली ती गेलीच. विचारलं तर म्हणतो, जपानहून पार्ट यायचा आहे. अक्का, एसटीच्या टायर खात्यात मी जन्म काढला. पार्ट आला नाही तर आम्ही दुसऱ्या गाडीचा काढून लावत होतो. जपानी लोकांना एवढी अक्कल नसेल का?

आता मुख्य गोष्ट. या नव्या घराच्या दारावर, आतल्या बाजूने, चौकटीच्या मधोमध मला एक वस्तू सापडली. बोटाएवढ्या दोन काड्या, एक उभी, एक आडवी, लाल दोऱ्याने करकचून बांधलेल्या. खाली त्याच दोऱ्यात ओवलेली लाल फळं, मिऱ्यापेक्षा मोठी, करवंदापेक्षा लहान, वाळून सुरकुतलेली. स्टुलावर चढून भिंगातून पाहिलं. प्रत्येक फळाच्या बुडाला पाच टोकांची चांदणी. आपल्याकडे भगत कागदावर यंत्र काढतो, इथे फळावर काढलं आहे. एवढं बारीक काम फुकट कोण करेल?

आमच्या आधी इथे स्कॉटलंडची एक मास्तरीण राहत होती. तिची नोकरी गेली आणि तीही फायद्यात मायदेशी गेली. म्हणजे करणी तिच्यावर होती आणि आता ती आम्हाला आयती मिळाली. भाडं उतरलं ते उगाच नाही.

पुरावा हवा असेल तर ऐक. राजन पूर्वी रात्री दमून यायचा, पण दोन पोळ्या जास्त मागायचा. आता सकाळी टाय लावून जातो आणि पाचला दारात हजर. कंपनी म्हणे हल्ली माणसांची काळजी घेते, लवकर सोडते. ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये, तिथे सगळीकडे फरशी, आणि याच्या बुटांना माती. पोळी कुरतडतो. मृणालिनीने कामवाली बंद केली, व्यायाम होतो म्हणते. नात ईशानी, तिचा व्हायोलिनचा क्लास बंद झाला, बोटं दुखतात म्हणते. आणि मी खोलीत आलो की तिघंही हसायला लागतात. अक्का, मी इतका विनोदी माणूस कधीच नव्हतो.

मला घरात कोणी काही सांगत नाही. माझ्या मुलाला काय झालं आहे एवढंच मला कळायला हवं. गुरवाला विचारून उतारा कळव. लवकर कळव, माझं बीपी तुला माहीत आहे.

तुझा,
केरू


देवरूख
२४ फेब्रुवारी २००९

चि. केरूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, हसले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. गुरवाकडे जाऊन आले. तो म्हणाला, आमचा देव तालुक्याबाहेर जात नाही, समुद्रापलीकडे त्याला कसा पाठवू? नारळ मात्र ठेवून घेतला.

तू सातवी शिकलास, मी चौथी. म्हणून भीत भीत विचारते. करणी करणारा माणूस बाराव्या मजल्यावर लिफ्टने येईल, घंटी वाजवेल, आत येऊन नीट मधोमध माप घेऊन गाठ मारेल आणि चहा घेऊन जाईल, असं तुला वाटतं का? करणी उंबऱ्याखाली पुरतात, बाहेरून. आत, दारावर, सगळ्यांना दिसेल असं माणूस स्वतःच्या भल्यासाठी बांधतो. तुझ्या दारावर तू लिंबू-मिरची टांगतोस ती श्रद्धा, आणि त्या बाईने फळं टांगली तर ती करणी. वा रे न्याय.

आणि तुझ्यावर करणी करायला तुझ्याकडे आहे काय? एक भिंग, एक स्टूल आणि बीपी.

दुसऱ्याने बांधलेली गाठ विचारल्याशिवाय सोडू नये, असं आई सांगायची. तेव्हा ते आहे तिथे राहू दे. काड्यांना काही विचारू नकोस. मुलगा पोळी कुरतडत असेल तर मुलाला विचार. आणि त्या स्टुलावर चढू नकोस.

तुझी,
अक्का


अल मजाज, शारजा
१० मार्च २००९

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं, पण उशीर झाला. मी ते काढून टाकलं होतं.

धीर निघेना, म्हणून माझ्या अकलेने उतारा केला. त्या काड्या, नारळ, लिंबू, हळदकुंकू, सगळं एका पिशवीत. नारळ चार दिरहमला, म्हणजे आपले पंचावन्न रुपये. इथे करणी उतरवणंही मध्यमवर्गाला परवडत नाही. समोर खालिद लगून आहे, म्हणजे शहराच्या मध्ये अडवून ठेवलेली खाडी. तिच्या कठड्यावरून पिशवी सोडली आणि मागे न पाहता परत फिरायचं म्हणून वळलो, तर समोर गार्ड. तो अरबीत बोलत होता, मी मराठीत. नारळ तरंगत होता आणि गार्ड त्याच्याकडे बोट दाखवून मला काही विचारत होता. इतक्यात बदरुद्दीन धावत आला. आमच्या इमारतीखाली किराणा दुकान आहे, त्याला इथे बकाला म्हणतात. त्याच्या गल्ल्यावर हा बसतो. खेडकडचा आहे, त्यामुळे माणसासारखं बोलतो. त्याने गार्डला हबीबी हबीबी करून सांगितलं की म्हाताऱ्याच्या हातून बाजार पडला. मला म्हणाला, "यल्ला, चला बाबा, पुढच्या वेळी काही बुडवायचं असलं तर मला सांगा, मी माणूस देतो."

घरी आलो तर ईशानी दाराकडे बघत उभी. पोरगी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते. म्हणाली, "आजोबा, दॅट वॉज रोवन. इट वॉज प्रोटेक्टिंग अस." मास्तरीण जाताना मृणालिनीला सांगून गेली होती की हे राहू द्या, घर राखतं. सूनबाईने हो म्हटलं आणि मला सांगायचं राहिलं. या घरात मला सांगायचं नेहमीच राहतं.

मग ईशानीने कॉम्प्युटर उघडून सगळी माहिती काढली. रोवन हे त्यांच्या थंड डोंगरांतलं झाड. पांढरी फुलं, मग लाल फळांचे घोस, आणि चांदणी कोणी काढलेली नसते, ती फळासोबतच येते. चेटकीण आत येऊ नये म्हणून दारावर बांधतात. गाईचं दूध आटू नये म्हणून गोठ्यातही बांधतात. बांधताना सुरी लावायची नाही, काडी हातानेच मोडायची. पक्षी फळं खातात आणि बी कुठेही टाकतात, कड्याच्या फटीत, नाहीतर दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात. तिथे जे रोप उगवतं, ज्याचे पाय मातीला कधी लागलेच नाहीत, ते सगळ्यांत गुणाचं. मी म्हटलं, म्हणजे पाय मातीत नसताना दुसऱ्याच्या झाडावर जगणारा. तो तर आपला राजनच की.

तेव्हा आता माझी काय अवस्था असेल बघ. राखणदार मी हाताने बुडवला. आणि त्याच आठवड्यापासून घरात आणखी उतरण. मृणालिनी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेऊ लागली, छंद म्हणून. छंद पहाटे उठून करते. टपालाचाही घोळ झाला. तुला माहीत आहे, इथे पोस्टमन दारात येत नाही. प्रत्येक कंपनीची पोस्टात पेटी असते आणि नोकरमाणसाची पत्रं त्या पेटीत येतात. तुझं मागचं पत्र राजनने फार उशिरा आणलं आणि म्हणाला, ऑफिसात गोंधळ आहे, आत्याला सांगा यापुढे बकाल्याच्या पेटीवर पाठवायला. तेव्हा पाकिटावर बदरुद्दीनचं नाव घाल. नवा पत्ता मागे लिहिला आहे.

रोवन इथे मिळत नाही, मी विचारून पाहिलं. त्याऐवजी काय बांधू ते कळव.

तुझा,
केरू


देवरूख
२७ मार्च २००९, पाडवा

चि. केरूस अनेक आशीर्वाद.

काड्या दारावर होत्या तेव्हा काड्यांमुळे वाईट झालं. आता त्या दारावर नाहीत म्हणून वाईट झालं. असं कामसू झाड मी पाहिलं नाही. आमच्याकडचे पिंपळ नुसते उभे असतात.

तुझा नवा पत्ता मिळाला. पाकिटावर लिहिताना मला जरा विचार पडला. तूच मागे मोठ्या दिमाखात लिहिलं होतंस की इथे पत्र माणसाच्या नावावर नाही, कंपनीच्या नावावर येतं. मग कंपनीची पेटी सोडून पत्र किराणा दुकानात का यायला लागलं? भुतं गाईचं दूध आटवतात असं ऐकलं आहे. पोस्टाची पेटी आटवणारं भूत मी ऐकलेलं नाही.

मी यापुढे काही लिहीत नाही. तू एसटीत होतास. गाडी पाचला डेपोत परत येते म्हणजे ती फेरीला गेली होती, असं तुमच्याकडे धरून चालत असत का? की कोणी टायरसुद्धा बघत असे?

फळच हवं असेल तर आपली बोर काय वाईट आहे? तीही लाल होते. आणि तुझ्या अरबस्तानात ती नक्की असणार, काटे असलेलं झाड वाळवंटात मरत नाही.

तुझी,
अक्का


अल मजाज, शारजा
१२ एप्रिल २००९

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र बकाल्यात उभ्यानेच वाचलं आणि खाली बसलो. बदरुद्दीनने लबान पाजलं, म्हणजे इथलं ताक. मग माझ्याकडे न बघता गल्ला पुन्हा मोजायला लागला.

तरी मी मनाशी म्हटलं, अक्का चौथी शिकलेली, तिला परदेशातल्या पेट्या काय कळणार. आपण बोर आणायला जाऊ. बदरुद्दीन म्हणाला, अल नहदाच्या बागेत आहे, इथे त्याला सिदर म्हणतात, बोरं लागलीत. तो म्हणाला, इथले लोक त्याला कुऱ्हाड लावत नाहीत, त्याखाली जिन राहतात म्हणून. पाल्याच्या पाण्याने आंघोळ केली की नजर उतरते. म्हणजे त्यांचा राखणदारही फळझाडच. त्याच्या सामानाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून गेलो.

झाड मोठं होतं, फांद्या खाली वाकलेल्या, आणि बुलबुलांनी खालचा सगळा सडा उष्टा केलेला. जिन होता. टाय लावून बाकावर बसला होता. मांडीवर डबा, शेजारी लॅपटॉपची बॅग, बुटांना माती.

मी परत फिरणार होतो. पण या वयात गुडघे जिथे नेतात तिथेच जावं लागतं. राजनने मान वर केली.

"बाबा? तुम्ही इथे?"

"बोरं वेचायला आलो. तू?"

"साइट व्हिजिट आहे. जवळच."

"असेल, असेल. मोठी साइट दिसते."

मग मी त्याच्या शेजारी बसलो. काय करावं ते सुचेना, म्हणून वरची फांदी धरून हलवली. बोरं त्याच्या डोक्यावर पडली, टायवर, डब्यातल्या भाजीत. मी म्हटलं, तुझ्या बोरन्हाणाला तू फार रडला होतास, सगळ्या पोरांनी बोरं उचलली आणि तुझ्या हाती एक आलं नाही. तो म्हणाला, आठवत नाही. मग एक बोर बोटांत फिरवत म्हणाला, "बाबा, जानेवारीतच काढलं. मेअखेरपर्यंत विसा ठेवतायत. तोवर काही मिळालं नाही तर खलास. सगळ्यांना परत जावं लागेल. घरी काही बोलू नका."

अक्का, मी फार शहाणपणाने वागलो. म्हणालो, मी काही पाहिलंच नाही, मी बोरं वेचायला आलो होतो. मृणालिनीला हे कळलं तर ती किती घाबरेल. पोरगी आहे, शाळा आहे. तेव्हा आता मी आणि राजन मिळून तिच्यापासून लपवतो. सकाळी मीच मोठ्याने म्हणतो, "निघ रे, उशीर होईल, बॉस रागावेल." तो माझ्याकडे बघतो आणि निघतो. संध्याकाळी विचारतो, काम कसं झालं. तो म्हणतो, खूप होतं.

बोरीच्या दोन काड्या हातानेच मोडल्या, सुरी लावली नाही. काट्यांनी बोटं फोडली. देवाचा लाल दोरा गुंडाळला, वाळलेली बोरं ओवली. स्टुलावर चढायला तू बंदी केलीस म्हणून चौकटीच्या कडेला, छातीच्या उंचीवर खिळ्याला बांधली आहे. आता मेअखेरपर्यंत तिने काय ते करून दाखवावं.

तुझा,
केरू


देवरूख
२८ एप्रिल २००९

चि. केरूस अनेक आशीर्वाद.

दोन ओळीच लिहिते. बोर चांगली म्हटलं ते खायला. दारात बांध असं मी कधी म्हटलं? आई काय म्हणायची ते विसरलास? दारात बोर, घरात कलह. काट्याचं झाड दारी नको. आता भांडण होईल आणि ते होईल तेव्हा माझं नाव घेऊ नकोस.

त्यातही छातीच्या उंचीवर. अरे, घरातली माणसं येता-जाता काय उडी मारून जाणार?

मृणालिनीपासून लपवतोस ते वाचून करमणूक झाली. जी बाई पहाटे उठून लोकांसाठी पुरण वाटते तिला काही माहीत नाही, असं सातवीच्या पुस्तकात लिहिलं होतं का?

तुझी,
अक्का


अल मजाज, शारजा
१५ मे २००९

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

भांडण झालं. तुझं नाव घेतलं नाही, आईचं घेतलं.

रविवारी सकाळी राजन निघाला. इथे रविवारी आठवडा सुरू होतो. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, निघ रे, बॉस रागावेल. तो घाईने दाराबाहेर वळला आणि बोरीच्या काट्यात त्याचा टाय अडकला. रेशमी, इंटरव्ह्यूला चालेल असा तो एकच होता. तो ओढायला लागला आणि टाय टरकन फाटला. मृणालिनीचे हात पिठात होते. तिने आधी टायकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फाटला तर फाटला," ती म्हणाली. "पार्कात बसायला टाय कशाला लागतो?"

मी म्हटलं, "तुला माहीत आहे?"

ती म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे?"

आतून ईशानी ओरडली, "एव्हरीबडी नोज, आजोबा. इव्हन बदरुद्दीन नोज."

मग जे भांडण झालं ते मी लिहू शकत नाही, कारण सगळे एकाच वेळी बोलत होते. त्यातून निघालं ते असं. मृणालिनीला जानेवारीत, ज्या दिवशी काढलं त्याच दिवशी कळलं. गाडी विकली ते दोघांनी ठरवून. क्लास बंद करायचं ईशानीनेच सुचवलं. टाय, डबा, सकाळी जाणं, पाचला येणं, हे सगळं नाटक एकट्या माझ्यासाठी होतं. डॉक्टरने म्हणे सांगितलं होतं की बाबांना काळजीची बातमी देऊ नका. मी खोलीत आलो की तिघंही हसायची ती याच्यासाठी. आणि अल नहदाच्या बागेत मी राजनला गाठलं, तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं हे ऐकून मला लागेल म्हणून तो घरी बोलू नका म्हणाला; तेव्हापासून तो मला सांभाळून घेत होता आणि मी मृणालिनीला. रोज बस पकडून, उन्हात बाकावर बसून, म्हाताऱ्याला सगळं ठीक वाटावं म्हणून.

राजन म्हणाला, "बाबा, घरून मला एक फोन करता येत नव्हता. तुम्ही हॉलमध्ये. कोणाला नोकरी विचारू कसा?"

मी म्हटलं, "आणि मी रोज मोठ्याने बॉसचं नाव घेत होतो ते काय हौस म्हणून?"

मृणालिनी म्हणाली की तुम्ही दोघं थांबा. मग ती पिठाच्या हातांनीच खाली बसली आणि रडली. इतके महिने ती एकदाही रडली नव्हती, कारण मी घरात असतो. अक्का, मी घरात असतो म्हणून या घरात कोणाला रडता येत नव्हतं. करणी म्हणून मी काय शोधत होतो आणि काय सापडलं बघ.

त्या दिवसापासून राजन जेवणाच्या टेबलावर बसून उघड फोन करतो. मी हॉलमध्येच बसतो आणि पेपर धरतो. लाज वाटत होती म्हणून ज्याला विचारलं नव्हतं त्या कुशललाही त्याने फोन केला. हा कुशल पूर्वी त्याच्या हाताखाली होता, आता अबू धाबीत एका कंपनीत आहे. तो म्हणाला, सर, तुमच्या मानाने छोटी जागा आहे, विचारायला संकोच वाटतो. राजन म्हणाला, विचार. मेअखेर जवळ आली आहे. इंटरव्ह्यू मंगळवारी आहे. टाय बदरुद्दीनचा, एकच आहे, हिरवा.

बोर दारावरच आहे. मृणालिनीने काढू दिली नाही.

तुझा,
केरू


देवरूख
५ जून २००९

चि. केरूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. भांडण झालं ते ऐकून समाधान वाटलं. चार माणसांचं भांडण चार महिन्यांनंतर झालं म्हणजे फार गरिबीत राहिलात.

आता एक सांगते. राजनने मला जानेवारीतच पत्र टाकलं होतं. आत्या, बाबांना सांगू नका, त्यांचा जीव लहान आहे, तुम्हाला गळ्याची शपथ. मी शपथ मोडली नाही. काही सांगितलं नाही, फक्त पत्त्याबद्दल विचारलं. पत्त्याबद्दल विचारायचं नाही अशी शपथ त्याने घातली नव्हती.

इकडे सर्व ठीक आहे. मी ठणठणीत आहे. काजू उतरले, आंबा कमी आला. संपदा माझी काळजी घेते, अशी सून मिळायला भाग्य लागतं. तू काही काळजी करू नकोस. राजनचं काय झालं ते कळव.

तुझी,
अक्का


अल मजाज, शारजा
२२ जून २००९

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

राजनला नोकरी मिळाली. अबू धाबीत, लहान जागा, लहान खुर्ची, मोठा प्रवास. आठवडाभर तिकडे राहतो आणि गुरुवारी संध्याकाळी येतो. विसा कुठे अडतो अशी भीती होती, पण मेच्या अगदी शेवटी कागद झाले. मी म्हणतो बोरीने केलं, ईशानी म्हणते कुशलने केलं, मृणालिनी म्हणते टाय फाटला त्याने केलं.

या भांडणाचा एक तोटा मात्र झाला. आता मला सगळं खरं सांगतात. रोज संध्याकाळी राजनचा फोन येतो. बाबा, आज बॉस ओरडला. बाबा, कंपनीतून आणखी दोघांना काढलं. बाबा, खोलीत ढेकूण आहेत. मृणालिनी सांगते गॅस महाग झाला, ईशानी सांगते गणितात नापास झाले. पूर्वी मी नुसत्या संशयाने जागा राहायचो, आता पुराव्यासह राहतो. पण खरं सांगू, भूक लागते. राजनही दोन पोळ्या जास्त मागतो.

आता तुझ्याविषयी.

तुझ्या पत्रातलं अक्षर तुझं नाही. तुझा र उडी मारायला निघाल्यासारखा असतो, हा नीट उभा आहे. हे संपदाचं अक्षर आहे, आणि बिचारीने स्वतःचंच कौतुक खाली मान घालून लिहिलेलं दिसतं. हात दुखत असेल म्हणून मी सोडून देणार होतो. पण पाकीट पाहिलं. आत देवरूख लिहिलं आहे आणि वर पोस्टाचा शिक्का रत्नागिरीचा. रत्नागिरीत तुझं कोण राहतं? कोणी नाही. तिथे एक सरकारी इस्पितळ आहे आणि एक समुद्र आहे, आणि या वयात तू पोहायला गेली नसशील.

पत्त्यावरून माणूस ओळखायला तूच शिकवलंस. मी सातवी शिकलेला आहे, मला थोडा वेळ लागतो, पण येतं.

ठणठणीत माणूस "मी ठणठणीत आहे" असं लिहीत नाही. तो गुरवाला शिव्या लिहितो. तुझ्या पूर्ण पत्रात गुरवाला एक शिवी नाही. आणि माझा जीव लहान आहे असं राजनने म्हटलं ते तू मला कळवलंस, आणि लगेच पुढच्या ओळीत स्वतः तेच केलंस. शाब्बास.

मी संपदाला फोन करणार नाही. ती खोटं बोलेल, तू समोर बसून तिला खुणा करशील. राजनने तिकीट काढलं आहे, पुढच्या बुधवारचं. विमानाने मुंबई, तिथून एसटीने रत्नागिरी. देवरूखला जात नाही, सरळ इस्पितळात येतो. हे पत्र माझ्या आधी पोचेलच असं नाही. नाही पोचलं तरी चालेल, तुला तोंड नीट करायला वेळ मिळणार नाही.

बोर बरोबर आणतो आहे. दारावरची मृणालिनीने दिली नाही, म्हणून गेल्या शुक्रवारी राजन मला घेऊन अल नहदाच्या त्याच झाडाखाली गेला. फळं संपली होती. काड्या त्याने मोडल्या, सुरी न लावता, आणि बोटं फोडून घेतली. कस्टमवाल्याने विचारलं तर सांगेन, औषध आहे.

ती तुझ्या खाटेच्या उशाशी बांधणार आहे, छातीच्या उंचीवर. मग आपण भांडू.

तुझा,
केरू